निकाली काढलेले बग

सरकारी मराठीत एक फार बेरकी शब्द आहे. ‘निकाली’. अर्ज मंजूर झाला की निकाली. नामंजूर झाला तरी निकाली. अर्जदार खेटे घालून कंटाळला आणि परत आलाच नाही, तरीही निकालीच! महिनाअखेरच्या तक्त्यात तिन्ही अर्ज एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतात आणि साहेबांना आकडा वाढलेला दिसतो. मी नंदुरबार जिल्ह्यातला, शहाद्याचा. हा शब्द ऐकतच मोठा झालो. पुण्यात येऊन सॉफ्टवेअरमध्ये पडलो तेव्हा वाटलं, चला, यातून तरी सुटलो. कसलं काय! इथे त्याला ‘क्लोज्ड’ म्हणतात, एवढाच फरक.

आजचा लेख थोडा चिडून लिहितोय हे आधीच सांगून टाकतो. विषय आहे ओपन सोर्समधले जुने बग, ते चाळायचं आणि आवरायचं काम, आणि ते काम करायला आपल्याला वाटणारी लाज.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं सॉफ्टवेअर. तुमच्या फोनमधल्या अँड्रॉइडच्या पोटात आहे, ब्राउझरमध्ये आहे, बँकेच्या सर्व्हरवर आहे. अशा प्रत्येक प्रकल्पाची एक जाहीर वही असते, बग ट्रॅकर. काही बिघडलं की कुणीही तिथे नोंद करू शकतो. डेबियनवाल्यांची अशी वही १९९४ पासून चालू आहे, मोझिलाचं बगझिला १९९८ पासून. आता बहुतेक प्रकल्प गिटहबवर असतात आणि तिथे या नोंदींना ‘इश्यू’ म्हणतात. नोंदी येतच राहतात. काही खऱ्या, काही चुकीच्या, काही आधीच कुणीतरी केलेल्या, काही नुसत्या शिव्या. त्या वाचायच्या, खरं-खोटं करून बघायचं, सारख्या नोंदी एकत्र बांधायच्या, अर्धवट असेल तर विचारायचं, आणि मग योग्य माणसासमोर ठेवायच्या. या कामाला इंग्रजीत ट्रायाज म्हणतात. मराठीत यासाठी आपल्याकडे आधीपासून सुंदर क्रियापद आहे: निवडणं. तांदूळ निवडतो तसं.

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल होतात. ओली मिरची पसरायची, वाळवायची, उलटीपालटी करायची, मग बायका बसून ती निवडतात. पांढरी पडलेली वेगळी, डागाळलेली वेगळी, देठ खुडायचे. नाकातोंडात खकाणा जातो. नंतर त्या मिरचीचं तिखट होतं, पाकिटात भरलं जातं, पाकिटावर कंपनीचं नाव येतं. निवडणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. पण एक पोतं न निवडता चक्कीत टाकून बघा, मग कळेल ती काय करत होती!

बग निवडणाऱ्याचं असंच आहे. कोड लिहिणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं. नवीन फीचर काढणारा कॉन्फरन्समध्ये बोलतो. आणि ज्याने शंभर नोंदी वाचून ‘या चार नोंदी म्हणजे एकच बिघाड आहे, आणि तो इथे आहे’ हे दाखवलं, त्याला काय मिळतं? अंगठ्याचं एक चित्र. :)

आता उदाहरण देतो, नाहीतर म्हणाल नुसताच उपदेश चाललाय.

वर मी ‘पथाऱ्या’ असा शब्द लिहिलाय. तो तुमच्या स्क्रीनवर नीट दिसला का? दिसला असेल तर नशीब समजा. त्यातला र हा मराठीचा खास दागिना. पापणीसारखा आडवा येणारा अर्धा र. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो: शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, दुसऱ्या, पायऱ्या. आणि तो नुसता नटवा नाही, अर्थ बदलतो. आचाऱ्यांना जेवायला वाढा आणि आचार्यांना जेवायला वाढा, यात स्वयंपाकघर आणि गुरुकुल एवढं अंतर आहे. दऱ्या सातपुड्यात असतात, दर्या मुंबईला.

कॉम्प्युटरमध्ये हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमधलं नुक्त्याचं ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा ‘र’ घ्यायचा, पाय मोडायचा, आणि त्याच्यापुढे एक अदृश्य चिन्ह टाकायचं. त्या चिन्हाचं नाव झिरो विड्थ जॉइनर. दिसत नाही, जागा घेत नाही, पण ‘बाबा रे, हा र पापणीसारखा काढ’ असं फाँटला सांगतं. दोन्ही तऱ्हा प्रमाण आहेत, दोन्ही वर्षानुवर्षं वापरात आहेत. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून एका तऱ्हेने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही.

माझा एक मावसभाऊ आमच्याच जिल्ह्यात सेवा केंद्र चालवतो. दाखले, अर्ज, याद्या, प्रिंट. त्याने मला एकदा एका प्रिंटचा फोटो पाठवला. यादीच्या मथळ्यात ‘शेतकर्यांची यादी’ छापलेलं. त्याने सगळ्या प्रतींवर पेनाने दुरुस्ती केली होती. खाली मेसेज एवढाच: “भो, आते काय करानं?”

प्रिंट ज्या प्रोग्रॅममधून काढली त्याच्या पोटात एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. मी तिच्या नोंदी चाळायला बसलो. एका शनिवारी सकाळी बसलो तो दुपारचं जेवण चुकलं. आणि काय सापडलं? हीच तक्रार चार वेळा, चार वेगवेगळ्या वर्षांत, चार वेगवेगळ्या माणसांनी केलेली. एकाने शीर्षक दिलंय ‘मराठी फाँट चुकतो’. एकाने ‘पीडीएफमध्ये अक्षर तुटतं’. एकाने नुसता फोटो टाकलाय, खाली प्लीज फिक्स. चौथ्याने फाँटलाच दोष दिलाय. चारही नोंदी बंद. कुणी बंद केल्या? माणसाने नाही. बॉटने.

हा बॉट तुम्ही पाहिला नसेल तर ओळख करून देतो. गिटहबवर याचं जे सगळ्यात प्रचलित रूप आहे त्याची मूळ सेटिंग अशी: ६० दिवस नोंदीवर काही हालचाल झाली नाही तर तिला ‘शिळी’ अशी चिठ्ठी डकवायची, आणि पुढच्या ७ दिवसांत कुणी काही बोललं नाही तर बंद करायची. बिघाड दुरुस्त झाला का? माहीत नाही. खोटा होता का? माहीत नाही. कुणी वाचला तरी का? तेही माहीत नाही. पण वही स्वच्छ! उघड्या नोंदींचा आकडा खाली. निकाली!

बिघाड मग कुठे होता? त्या लायब्ररीत ‘मजकूर साफ करणारं’ एक फंक्शन होतं. अदृश्य चिन्हं वापरून लोक फसवणूक करतात, खोट्या लिंका बनवतात, हे खरं आहे. म्हणून कुणीतरी शहाणपणाने सगळीच अदृश्य चिन्हं काढून टाकली होती. त्यात आपला जॉइनर गेला, आणि शेतकरी तुटला. पंधरा मिनिटांत सापडणारी गोष्ट होती. फक्त चार नोंदी एकत्र ठेवून कुणी बघितल्या नव्हत्या.

आता या कहाणीतला सगळ्यात मजेशीर भाग. आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंबाचं जे इमोजी असतं ना, ते चित्र एकसंध नसतं. तीन चित्रं असतात आणि त्यांना जोडणारं चिन्ह असतं... बरोब्बर, तोच झिरो विड्थ जॉइनर. त्या फंक्शनने कुटुंबही तोडलं होतं! त्याची नोंद आली, आणि ती दोन दिवसांत सुटली. कशी? इमोजीच्या मध्ये जॉइनर असेल तर ठेवा, बाकी सगळे काढा. म्हणजे ज्या ओळीत आपला र मरत होता, त्याच ओळीत माणूस येऊन, दुरुस्ती करून, निघून गेला. त्याचा दोष नाही. शेजारी पडलेल्या चार नोंदी त्याला दिसल्याच नाहीत, कारण त्या ‘बंद’ होत्या. बंद नोंद शोधात मागे पडते. बंद नोंद वाचायला कुणी जात नाही. स्मशानात कोण कशाला फिरायला जाईल?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. न वाचता बंद केलेला बग हा उघड्या बगापेक्षा वाईट. उघडा बग निदान खरं सांगतो की इथे काम राहिलंय. बंद केलेला खोटं बोलतो.

यात नवीन काही नाही. २००३ साली जेमी झविन्स्की नावाच्या जुन्या नेटस्केपवाल्याने ग्नोमवर असाच आगपाखड करणारा लेख लिहिला होता. त्याची तक्रार अशी की आम्ही बग नोंदवतो, ते वर्षानुवर्षं पडून राहतात, मग कुणीतरी सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहितो आणि ‘आता हे लागू नाही’ म्हणून सगळे बग एका झटक्यात बंद करतो. नव्या प्रोग्रॅममध्ये तेच बिघाड पुन्हा असतात. लेख बोचरा होता, थोडा उर्मटही. पण आज दोन दशकांनंतर फरक एवढाच झाला की तेव्हा हे करायला माणूस लागायचा.

आणि ‘जुने बग कोण सोडवणार, त्यांचा उपयोग काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी फायरफॉक्सचं उदाहरण. माउस नेल्यावर येणारी छोटी पिवळी चिठ्ठी, टूलटिप, दुसऱ्या खिडकीत गेलं तरी अडकून राहते, अशी नोंद जून २००२ मध्ये झाली होती. ती सुटली २०२३ मध्ये. एकवीस वर्षांनी, काही मोजक्या ओळी बदलून. साठ दिवसांचा नियम तिथे असता तर ती नोंद २००२ च्या पावसाळ्यातच वाहून गेली असती.

माझ्या जिल्ह्याकडे बघून मला या नियमाची जास्तच चीड येते. सांगतो का ते. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या कुठल्याही पाड्यावर बसा, थोड्या वेळाने वनदाव्याची गोष्ट निघते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यानपिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यांना दावा करता येतो. देशभर लाखो दावे नामंजूर झाले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना जमिनीवरून हटवा. म्हणजे रकान्यातल्या ‘निकाली’चा अर्थ एका दिवसात ‘घर सोडा’ असा झाला. मोठा गदारोळ झाला, आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आदेश स्थगित करून राज्यांना विचारलं, हे दावे फेटाळताना तुम्ही नेमकी काय पद्धत पाळलीत ते सांगा.

गंमत म्हणजे पद्धत लिहिलेली होती. या कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये सुधारणा झाली. तिच्यात असं आहे की ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला, आणखी तपासणी लागेल असं वाटलं, तर वरच्या समितीने दावा फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. फेटाळलाच तर कारण कळवायचं. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं सांगणंही चालतं. अपुरं आहे म्हणून बंद करू नका, अपुरं आहे म्हणून परत विचारा. इतका साधा विवेक आहे हा. पण तो पाळायला प्रत्येक फाईल उघडून वाचावी लागते.

लगेच कुणी म्हणेल, काय राव, जमिनीचा हक्क कुठे आणि तुमचा अर्धा र कुठे! मान्य. तुटलेल्या अक्षराने कुणाचं घर जात नाही. दोन्हींचं वजन मी सारखं धरत नाहीये. सवय एकच आहे, एवढंच म्हणतोय. माणूस नियमाच्या भाषेत बोलला नाही, म्हणून त्याचं म्हणणंच नव्हतं असं धरून चालायची सवय. ‘रिप्रोड्यूस होत नाही’, ‘माहिती अपुरी’, ‘प्रतिसाद नाही’. माझा मावसभाऊ गिटहबवर खातं काढून, इंग्रजीत, आवृत्तीचा क्रमांक आणि लॉग जोडून नोंद करेल अशी ज्याची अपेक्षा आहे त्याने धडगावच्या रस्त्याला एकदा तरी यावं. तो फोटो पाठवतो. तोच त्याचा बग रिपोर्ट. त्याचं भाषांतर करायला मध्ये कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

तुम्हाला आठवत असेल, देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. गाव देशभर गाजलं. मला त्याचा अभिमानच आहे. पण उद्घाटन एकदाच होतं आणि देखभाल रोज करावी लागते. आपला सगळा धंदा उद्घाटनाच्या प्रेमात आहे. नवीन ॲप, नवीन फ्रेमवर्क, नवीन आवृत्ती, फीत कापा. नंतर त्या यंत्रासमोर रोज बसणाऱ्या माणसाच्या तक्रारी कोण वाचणार, हा प्रश्न फीत कापणाऱ्यांच्या यादीत नसतो.

आता आपल्याकडे वळतो. आपल्याकडे म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. पुण्या-मुंबई-बंगलोरमध्ये बसलेल्या, बरा पगार घेणाऱ्या, रेझ्युमेवर ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर’ लिहिणाऱ्या मंडळींकडे.

२०२० चा ऑक्टोबर आठवतो? हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. एका टी-शर्टसाठी लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर कचऱ्याचा पाऊस पाडला. रीडमीमध्ये एक विशेषण घाल, एक स्वल्पविराम काढ, झालं योगदान. त्यातला मोठा वाटा आपल्या देशातून होता. आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून ‘ज्या प्रकल्पांना हवं त्यांनीच सामील व्हा’ असं करावं लागलं. त्यातून आपण काय शिकलो? २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर पुन्हा तेच. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवणाऱ्या एका व्हिडिओत तो प्रकल्प उदाहरण म्हणून दाखवला, आणि विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन रीडमीत आपापली नावं लिहायला सुरुवात केली! ऐतिहासिक किल्ल्याच्या भिंतीवर बदाम काढून नाव कोरणारे आणि हे, यांच्यात फरक सांगा.

मी मुलांना दोष कमी देतो. ज्यांनी त्यांना सांगितलं की कोड म्हणजेच योगदान, हिरवे चौकोन म्हणजेच करिअर, त्यांना जास्त देतो. तुमच्या ऑफिसातला अप्रेझलचा फॉर्म काढून बघा. ‘काय नवीन बनवलं’ याला रकाना आहे. ‘काय वाचलं, काय निस्तरलं, कुणाच्या तक्रारीचा अर्थ लावला’ याला आहे? नाही. ज्या कंपन्यांचा अर्धा डोलारा या फुकट मिळालेल्या कोडवर उभा आहे, त्यांनी आठवड्याचे दोन तास माणसांना बग निवडायला दिले तर काय कंपनी बुडेल?

विरोधात जे बोललं जातं त्यालाही उत्तर देतो.

पहिला आक्षेप: मेंटेनर बिचारे फुकट राबतात, त्यांनी हजारो नोंदी उघड्या ठेवून झोप घालवायची का? अजिबात नाही. माझा राग त्यांच्यावर नाहीच. माणूस एकटा आणि ढीग हजाराचा, मग बॉट लावणार नाही तर काय करणार? आणि नोंदी बंद करायलाही माझा विरोध नाही. ‘ही आधीच्या अमुक नोंदीसारखीच आहे, तिकडे बघा’ हे उत्तर आहे. ‘आम्ही हे करणार नाही, कारण असं असं’ हेही उत्तर आहे, आणि प्रामाणिक उत्तर आहे. उबुंटूची पहिली नोंद आठवा. २००४ मध्ये मार्क शटलवर्थने लिहिली: बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे. २०१३ मध्ये त्याने स्वतःच ती कारण देऊन बंद केली. पटो न पटो, माणसाने विचार करून बंद केली. वेळ गेला हे मात्र उत्तर नाही. ते उत्तर टाळणं झालं.

आणि मेंटेनर एकटा पडला की काय होतं ते मार्च २०२४ मध्ये अख्ख्या जगाने पाहिलं. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. सांभाळणारा जवळजवळ एकटा, थकलेला. २०२२ मध्ये कुठल्या कुठल्या अनोळखी खात्यांवरून त्याच्यावर दबाव सुरू झाला, तुम्ही लक्ष देत नाही, दुसऱ्याला हक्क द्या. मदतीला आलेल्या एका ‘सज्जना’ला हक्क मिळाले आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. तो पकडला गेला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. आपण अर्ध्या सेकंदाला ‘नेट स्लो असेल’ म्हणतो. निवडणाऱ्याची नजर ती हीच.

दुसरा आक्षेप, सध्याचा लाडका: हे काम आता एआय करेल की! करू दे ना. सारख्या नोंदी शोधायला, लांबलचक नोंदीचा सारांश काढायला मीही वापरतो, झकास काम करतो. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बघा. एआयने लिहिलेल्या, दिसायला भारदस्त आणि आतून पोकळ अशा रिपोर्टांचा पूर आलाय. कर्लसारख्या प्रकल्पाने, जो जवळजवळ प्रत्येक यंत्रात आहे, या कचऱ्याला कंटाळून जानेवारी २०२६ मध्ये बग शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायची योजनाच बंद केली. म्हणजे निवडायचा ढीग वाढलाय. आणि ढिगातून खरं काय ते ठरवायला शेवटी कुणाला तरी तो प्रिंटर चालू करून, तोच फाँट टाकून, कागद बाहेर काढून डोळ्यांनी बघावा लागतो. मावसभावाला फोन लावून ‘तू नेमकं कोणतं बटण दाबलंस?’ विचारावं लागतं.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही पण मनात असतो: हे हलकं काम आहे, नवशिक्यांचं. हो का? चार वेगळ्या भाषेत लिहिलेल्या चार तक्रारी एकच आहेत हे ओळखायला युनिकोड कळावं लागतं, फाँट कळावा लागतो, मराठी कळावी लागते आणि समोरचा माणूस काय म्हणत नाहीये तेही कळावं लागतं. यातली शेवटची दोन तुम्हाला कुठल्याही परदेशी मेंटेनरपेक्षा जास्त येतात. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असं ठरवून दिलंय. युनिकोडमध्ये मात्र हिंदीचा आणि मराठीचा ल एकच आहे, रूप फाँटने निवडायचं असतं. त्यामुळे ‘ल चुकीचा दिसतो’ ही तक्रार फाँटवाला ब्राउझरकडे ढकलतो, ब्राउझरवाला ॲपकडे, ॲपवाला परत फाँटकडे. ‘ॲ’चंही तेच. २००८ मध्ये तो युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला, पण अ वर चंद्र देऊन लिहिणारे अजून आहेतच, त्यामुळे शोधात अर्धे शब्द गायब. हे कोण समजावून सांगणार? बर्लिनमधला मुलगा? आणि ही झाली मराठी, कोट्यवधींची, राज्याची भाषा. आमच्याकडच्या अहिराणीला, भिलीला, पावरीला तर तक्रार करायला पुरेसं काही बनलेलंच नाही.

असो. फार झालं. आता काय करायचं ते सांगतो, नाहीतर मीही तक्रार करून मोकळा होणाऱ्यांतलाच.

१. तुम्ही रोज वापरता असा एकच प्रकल्प निवडा. दहा नको.
२. सगळ्यात जुन्या उघड्या नोंदीपासून सुरुवात करा. नवीन नोंदींना गर्दी असते, जुन्यांना कुणी नसतं.
३. नोंद पूर्ण वाचा. खालच्या प्रतिक्रियांसकट.
४. आजच्या आवृत्तीवर करून बघा. काय दिसलं ते लिहा: कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. नाही झालं तरी लिहा.
५. बंद नोंदींमध्येही शोधा. मराठी, हिंदी, नेपाळी, देवनागरी, इंडिक असे सगळे शब्द टाकून. सारख्या सापडल्या तर एकमेकींचे दुवे जोडा.
६. बिघाड दाखवणारा छोट्यात छोटा नमुना बनवा. माझ्या बाबतीत तो एक शब्द होता: शेतकऱ्यांना.
७. ‘मलाही होतंय’ एवढंच लिहू नका. त्यासाठी अंगठा आहे.
८. बंद करायचा अधिकार मिळाला तर बंद करताना एक वाक्य माणसाच्या भाषेत लिहा. समोरच्याने त्याचा वेळ दिला होता.

आठवड्याला दोन तास. एका वेब सिरीजचे दोन भाग कमी. टी-शर्ट मिळणार नाही, हिरवा चौकोनही कदाचित नाही. पण सहा महिन्यांत तुम्हाला तो प्रकल्प आतून असा कळेल की कुठल्याही कोर्सने कळणार नाही. आणि पुढची पुल रिक्वेस्ट कराल ती स्वल्पविरामाची नसेल.

त्या चार नोंदींचं पुढे काय झालं? मी पाचवी नोंद केली नाही. पहिलीच पुन्हा उघडायची विनंती केली, बाकी तीन तिला बांधल्या, एका शब्दाचा नमुना दिला, इमोजीची दुरुस्ती दाखवून ‘हेच चिन्ह आमच्या लिपीत अक्षर जोडतं’ एवढं लिहिलं. मेंटेनरने तीन आठवड्यांनी उत्तर दिलं. त्याला देवनागरीतलं ओ की ठो माहीत नव्हतं, पण नमुना बघून त्याला लगेच कळलं. दुरुस्ती झाली. ती सेवा केंद्रातल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचायला आणखी किती महिने लागतील देव जाणे. तोवर पेन आहेच.

ता. क. - ज्याला हा लेख पटला नसेल त्याने जरूर भांडावं. पण आधी एक जुनी नोंद उघडून वाचून यावं. बॉटसारखं साठ दिवस गप्प बसून मग ‘विषय शिळा झाला’ म्हणू नये. :)